कॅमलच्या मॉक एंडपॉइंटचा रिव्ह्यू: मोजायला पक्का, पण "काहीच आलं नाही" म्हणाला तर जरा थांबा

मिसळीचा रिव्ह्यू कोल्हापुरात कुणीही लिहितंय, चपलेचा पण लिहितात, म्हटलं आपण ज्याच्या जिवावर पगार घेतो त्या टूलचा एकदा लिहावा. तर हा रिव्ह्यू अपाची कॅमल, म्हणजे एका सिस्टीमकडनं दुसरीकडं मेसेज पोचवणारी जावाची लायब्ररी, तिच्यातल्या मॉक कंपोनंटचा. म्हणजे इंटिग्रेशन टेस्ट लिहिताना खरी क्यू (मेसेजची रांग), खरा एसएमएस गेटवे, खरा डेटाबेस यांच्या जागी जो खोटा एंडपॉइंट (मेसेज जिथं पोचतो ते टोक) उभा करतो आणि त्याला आधीच सांगून ठेवतो की तुझ्याकडं एवढे मेसेज येणार, त्यात हे असणार, नसलं तर बोंब मार. 5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते शून्याच्या भागात येईलच, घाई असेल त्यांनी तेवढाच भाग वाचला तरी चालतंय.

किंमत म्हणाल तर फुकट, अपाची लायसन्स 2.0. कॅमल 2007 पासून आहे, जावाचं आहे, 2023 ला आलेल्या कॅमल 4 ला कमीत कमी जावा 17 लागतं. टेस्टचं मॉड्यूल घेतलं की मॉक सोबत येतोच, वेगळं काही इन्स्टॉल करायची भानगड नाही, सर्व्हर उठवायचा नाही, पोर्ट अडकलाय म्हणून बघत बसायचं नाही.

आता आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप चालू झालं की रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या आणि आमच्या सर्व्हरवर पावत्या. गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, ऊस खाली करून परत आली की रिकामं वजन, वजा जाता निव्वळ. काट्याच्या कॉम्प्युटरवरनं त्या पावतीचा एक मेसेज निघतो आणि कॅमलचा रूट (मेसेजची आखलेली वाट) तो तीन ठिकाणी पोचवतो: शेतकऱ्याच्या बिलाची क्यू, तोडणी-वाहतूकवाल्याच्या हिशोबाची क्यू आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर एसएमएस. पावतीत गडबड असेल, म्हणजे सभासद कोड नाही किंवा रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त दिसतंय, तर मेसेज या तिन्हीकडं न जाता तपासणीच्या क्यूत पडतो. बास, एवढंच. कागदावर चार बाण.

पण या चार बाणांवर माणसं भांडतात. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच लिहिलंय, आणि काटामारीचा विषय आपल्या भागात कसा पेटतो ते वेगळं सांगायला नको. पावती हरवली, दोनदा लागली, दुसऱ्याच्या खात्यावर गेली की शेतकरी थेट शेतकी ऑफिसच्या काउंटरवर. म्हणून माझं मत सरळ आहे, मॉकवर जी अपेक्षा लिहायची ती त्या काउंटरवरच्या भांडणातनं उचलायची. "रूट चालला का" ही अपेक्षाच नव्हे. "माझी 18 टनाची खेप कुठं गेली" ही अपेक्षा. आणि हे टूल मला आवडतंय ते याच्यासाठीच, की ते तुम्हाला मेसेज सोडायच्या आधी हे बोलायला लावतंय.

क्रम असा असतोय. पहिलं मॉकला अपेक्षा सांगायच्या, मग रूटच्या तोंडाला मेसेज सोडायचा, मग शेवटी ॲसर्ट इज सॅटिस्फाइड म्हणायचं, म्हणजे अपेक्षा पुऱ्या झाल्या का ते तपासायचं. मॉकिटोची (जावातलं दुसरं मॉकचं टूल) सवय असलेल्यांना हे उलटं वाटतंय, कारण तिथं आपण आधी काम करून घेतो आणि मग व्हेरिफाय करतो. इथं आधी बोली, मग माल. मला हे जास्त पटतं. नंतर लिहिलेली अपेक्षा बऱ्याचदा जे आलंय त्याच्याकडं बघून लिहिली जाते, आउटपुट प्रिंट करायचं, कॉपी करायचं, टेस्टमध्ये चिकटवायचं, झाली टेस्ट. आधी लिहायची म्हटल्यावर डोकं चालवावं लागतं.

शिवाय आधी सांगितल्यामुळं मॉकला थांबायचं कधी हे पण कळतं. दोन मेसेज येणार असं सांगितलंय, ॲसर्टची ओळ आली तेव्हा एकच आलाय, तर तो लगेच फेल करत नाही, डिफॉल्टला 10 सेकंद वाट बघतो, आणि दुसरा अर्ध्या सेकंदात आला तर अर्ध्या सेकंदातच पुढं जातो. थ्रेड स्लीप 5 सेकंद, थ्रेड स्लीप 8 सेकंद (म्हणजे तेवढा वेळ नुसतं थांब) असल्या ओळींनी भरलेल्या जुन्या टेस्ट ज्यांनी बघितल्यात त्यांना याची किंमत कळेल. नाहीच आला तर मेसेज पण स्वच्छ देतो: मॉक बिल, रिसीव्ह्ड मेसेज काउंट, एक्स्पेक्टेड 2, बट वॉज 1. कुठल्या एंडपॉइंटला काय कमी पडलं एका ओळीत. फक्त एक आहे, ढीगभर टेस्ट एकदम फुटल्या तर प्रत्येक जण 10 सेकंद बसणार आणि बिल्ड रांगत राहणार, तेव्हा रिझल्ट वेट टाइम कमी करून ठेवा. रूट एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या एकाच प्रोसेसमध्ये) फिरत असेल तर 2 सेकंद पण भरपूर झाले.

आता एक टेस्ट जरा जवळनं बघू. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, भरलेलं वजन 27.340 टन, रिकामं 8.880, निव्वळ 18.460. रूटला पावती सोडली. बऱ्याच ठिकाणी टेस्ट कशी दिसते, तर एक्स्पेक्टेड मेसेज काउंट 1, ॲसर्ट, हिरवं, म्हणजे पास. अरे पण त्या मेसेजमध्ये 27.340 गेलं असतं तरी हिरवंच झालं असतं की! काउंट ही सगळ्यात आळशी अपेक्षा आहे, नुसती काउंटवर भागवलेली टेस्ट मी रिव्ह्यूला आली तर परत पाठवतो. त्याच्यापेक्षा एक्स्पेक्टेड बॉडीज रिसीव्ह्ड लावा (बॉडी म्हणजे मेसेजचा मजकूर), काउंट त्यात आपोआप येतो, जेवढ्या बॉडी दिल्या तेवढाच आकडा तो धरतो. हेडरसाठी (मेसेजवरच्या पाटीसाठी) एक्स्पेक्टेड हेडर रिसीव्ह्ड आहे, सभासद कोड, गट नंबर, पावती नंबर तिथं तपासायचे. आणि एखाद्याच मेसेजबद्दल बोलायचं असेल तर मेसेज नंबर 0 ची बॉडी अमुक, मेसेज नंबर 1 चं हेडर तमुक असं वाक्यासारखं लिहिता येतं, मोजणी शून्यापासनं. सगळ्यांबद्दल बोलायचं तर ऑल मेसेजेस. वाचताना टेस्ट काय म्हणतेय ते नवीन पोराला पण कळतं, ही फार मोठी गोष्ट आहे, कारण आमच्याकडं कॉलेजमधनं थेट आलेली पोरं असतात आणि त्यांना पहिल्या आठवड्यात टेस्टच वाचायला देतो.

पण इथं एक बारीक गोम आहे, नीट ऐका. मॉक तुलना करायच्या आधी आलेली व्हॅल्यू तुम्ही दिलेल्या अपेक्षेच्या टाइपमध्ये बदलून घेतो, कॅमलचा टाइप कन्व्हर्टर वापरून. म्हणजे तुम्ही अपेक्षा लिहिली "18.460" अशी स्ट्रिंग (मजकूर), आणि रूटनं त्याच आकड्याचा बिगडेसिमल (जावातला दशांश आकड्याचा टाइप) पाठवला, तरी टेस्ट पास. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण पुढं बिलाचं सॉफ्टवेअर स्ट्रिंग घेतंय का नंबर, हे या टेस्टनं कधीच कळणार नाही. टाइप महत्त्वाचा असेल तर इज इन्स्टन्स ऑफ वेगळं लावा. उलट बाजूनं, दोन्हीकडं बिगडेसिमल असतील तर 18.46 आणि 18.460 जावाच्या हिशोबानं इक्वल नाहीत, तिथं टेस्ट विनाकारण फुटणार आणि माणूस अर्धा तास "अरे सारखंच तर आहे" म्हणत स्क्रीनकडं बघत बसणार. वजनाच्या धंद्यात हे दोन्ही रोज भेटतंय.

दोनदा लागलेली पावती हा आमच्याकडचा सगळ्यात ज्वलंत विषय. काट्यावर नेट गेलं, कॉम्प्युटरनं पावती साठवून ठेवली, नेट आल्यावर परत पाठवली, पण पहिली पण गेलीच होती. 2025-26 ची मूळ एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा कमीत कमी दर) 10.25 टक्के रिकव्हरीला (साखर उताऱ्याला) टनाला 3550 रुपये, म्हणजे तोडणी-वाहतूक वजा करायच्या आधी या एका खेपेचे 65 हजार 533 होतात. एवढे जादाचे लागले तर कारखाना बोंबलणार, आणि नंतर कापून घेतले तर शेतकरी. याच्यासाठी मॉककडं एक्स्पेक्ट्स नो डुप्लिकेट्स आहे, त्याला पावती नंबरचं हेडर द्यायचं की तो आलेल्या मेसेजमध्ये तोच नंबर परत दिसतोय का बघतो. भारी आहे, पण एकटं लावू नका. एकही मेसेज आला नाही तरी "डुप्लिकेट नाही" हे खरंच असतंय, मग टेस्ट हिरवी, आणि रूट मेलेला. सोबत काउंट किंवा कमीत कमी किती हे लावायचंच.

आणि काउंट लावला तरी अजून एक फट राहते. एकच येणार असं सांगितलं, एक आला, मॉक खूश, ॲसर्ट संपलं, टेस्ट पास. त्याच पावतीची दुसरी प्रत 200 मिलिसेकंदांनी आली तर ती बघायला कुणी थांबलेलंच नाही. "बरोबर एक" असं म्हणायचं असेल तर ॲसर्ट पिरियड द्यावा लागतो, म्हणजे एकदा समाधान झालं तरी एवढा वेळ थांब आणि परत एकदा तपास. डिफॉल्टला हा पिरियड बंद असतो. डुप्लिकेटची टेस्ट ॲसर्ट पिरियडशिवाय लिहिली असेल तर ती टेस्ट नाही, शोभेची वस्तू आहे.

आता शून्य. इथं माझा एक स्टार गेला.

खराब पावती आली की बिलाच्या क्यूत काहीही जाता कामा नये, एसएमएस जाता कामा नये. म्हणजे बिलाच्या मॉकवर एक्स्पेक्टेड मेसेज काउंट 0, एसएमएसच्या मॉकवर 0, तपासणीच्या मॉकवर 1. दिसायला एकदम चोख. पण शून्य ही अपेक्षा टेस्ट चालू व्हायच्या क्षणीच पूर्ण झालेली असते! मेसेज अजून रूटमध्ये शिरला नाही, तोपर्यंत मॉक म्हणणार शून्य हवे होते, शून्य आहेत, चला. दुकानाचं शटर वर करायच्या आधीच "आज एकही गिऱ्हाईक आलं नाही" असा रिपोर्ट देण्यातला प्रकार. दहा सेकंदांची जी वाट मघाशी सांगितली ती शून्याला लागू नाही, कारण वाट बघायला काही बाकीच नाही.

हे प्रत्येक वेळी चावतं असं नाही, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. रूटची सुरुवात डायरेक्टनं (थेट कॉलनं) होत असेल तर सगळं एकाच थ्रेडवर सिंक्रोनस, म्हणजे एकामागनं एक, पळतं, मेसेज पाठवायची ओळ संपली म्हणजे रूट पण संपलेला असतो, तिथं शून्य बरोबर चालतं. पण रूटच्या तोंडाला सेडा (कॅमलची मेमरीतली क्यू) असेल किंवा जेएमएसची (जावाच्या मेसेजिंगची) क्यू असेल, तर पाठवायची ओळ लगेच मोकळी होते आणि रूट मागनं दुसऱ्या थ्रेडवर पळत राहतो. आज डायरेक्टवर बरोबर असलेली टेस्ट, उद्या कुणीतरी परफॉर्मन्ससाठी मध्ये सेडा घातला की तशीच हिरवी राहते, फक्त आता ती काहीच तपासत नसते. लाल झालेली टेस्ट बरी, ती निदान ओरडते तरी.

डॉक्युमेंटेशनमध्ये हे लपवलेलं नाही हां, जावाडॉकमध्ये (कोडसोबतच्या माहितीत) त्या मेथडवरच चांगलं बजावून लिहिलंय की शून्याला जपा. उपाय पण तिथंच दिलेत, दोन. एक ॲसर्ट पिरियड, म्हणजे अर्धा सेकंद, एक सेकंद थांबून परत बघायचं. सोपा उपाय, पण प्रत्येक टेस्टला तेवढा वेळ जाणारच, आणि बिल्ड सर्व्हरवर लोड असला की अर्धा सेकंद पुरला का नाही ही शंका राहतेच. दुसरा नोटिफाय बिल्डर, मला हा आवडतो. त्याला सांगायचं अमुक रूटवर एक एक्सचेंज (मेसेजचा एक फेरा) पूर्ण झाला की मला कळव, मग मेसेज सोडायचा, मग नोटिफायची वाट बघायची, आणि तो हो म्हणाला की मगच मॉकना विचारायचं. आता शून्याला अर्थ आला, कारण रूट संपलाय हे आपल्याला ठाऊक आहे. वेळ पण वाया जात नाही.

फक्त एसएमएस वायरटॅपनं जात असेल तर नोटिफायवर पण आंधळा भरवसा नको. वायरटॅप मेसेजची वेगळी प्रत काढून वेगळ्या थ्रेडवर सोडतो, मूळ मेसेज संपला म्हणजे टॅपचा संपला असं नाही. तिथं मी गुपचूप ॲसर्ट पिरियड लावतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शून्याची अपेक्षा एकटी कधीच लिहीत नाही, त्याच टेस्टमध्ये तपासणीच्या मॉकवर 1 असतोच, आणि ॲसर्ट करताना तो आधी, शून्यवाले नंतर. निदान मेसेज रूटमधनं फिरून कुठंतरी पोचलाय एवढा तरी पुरावा हातात राहतो. आता म्हणाल जावाडॉकमध्ये लिहिलंय मग स्टार का कापला? तर जावाडॉक वाचून टेस्ट लिहिणारा माणूस मला दाखवा, मी त्याला पांढरा रस्सा पाजतो. काउंट शून्य दिला आणि पिरियड दिला नाही तर लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकली असती तरी मी 5 दिले असते.

पुढचा मुद्दा, रूटमधले खरे एंडपॉइंट मॉकनं बदलायचे कसे. प्रॉडक्शनचा कोड टेस्टसाठी बदलायला लागू नये म्हणून ॲडव्हाइस विथ आहे. रूटला आयडी दिलेला असला की टेस्टमधनं त्या रूटचं तोंड बदलता येतं, म्हणजे जेएमएसच्या जागी डायरेक्ट बसवता येतं, आणि बाहेर जाणारे एंडपॉइंट मॉक करता येतात. मॉक फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूला चालतो, आत येणाऱ्या बाजूला नाही, त्यामुळं तोंड बदलायचं काम वेगळंच करावं लागतं. रूटला आयडी देत नसाल तर आजपासनं द्या, नाहीतर टेस्टमध्ये रूट वन, रूट टू असल्या आपोआप पडलेल्या नावांवर अवलंबून राहाल आणि वर एक रूट नवीन आला की सगळी नावं सरकणार.

पण इथं दोन नावं दिसायला जुळी आहेत आणि कामाला एकदम वेगळी. मॉक एंडपॉइंट्स, आणि मॉक एंडपॉइंट्स अँड स्किप. पहिल्यात मेसेज मॉकला जातो आणि खऱ्या एंडपॉइंटला पण जातो. दुसऱ्यातच खरा वगळला जातो. म्हणजे एसएमएस गेटवेवर पहिलं वापरलं आणि टेस्टच्या कॉन्फिगमध्ये गेटवेची खरी किल्ली (की) पडलेली असेल, तर भर जून महिन्यात शेतकऱ्याला "आपली 18.460 टन ऊस खेप मिळाली" असा एसएमएस जाणार. ऊस अजून गुडघ्याएवढा, आणि कारखाना म्हणतोय मिळाला. पहिल्याचा उपयोग नाही असं नव्हे, फाइल खरी लिहायची पण मध्ये काय जातंय ते पण बघायचं अशा वेळी तोच लागतो. पण बाहेरच्या जगाला हात लागणारा एंडपॉइंट असेल तर डोळे झाकून स्किपवाला.

नावाची अजून एक गंमत. मॉक झालेल्या एंडपॉइंटचं नाव म्हणजे मॉक, कोलन आणि पुढं मूळ पत्ता, पण प्रश्नचिन्हापुढचे पॅरामीटर गाळलेले. नवीन पोरं मूळ पत्ता पॅरामीटरसकट कॉपी करून मॉक मागतात, कॅमल पण उदार, तो त्या नावाचा नवीन मॉक काढून देतो, त्याच्याकडं अर्थातच काही येत नाही, आणि मग "एक्स्पेक्टेड 1, बट वॉज 0" बघत बसायचं. आणि त्या नव्या मॉकवर शून्याची अपेक्षा असेल तर? बरोबर. आयुष्यभर हिरवं.

बिघाड करून बघायला मात्र हे टूल लई भारी. मॉक नुसता मोजत बसत नाही, त्याला वागायला पण शिकवता येतं. व्हेन एनी एक्सचेंज रिसीव्ह्डमध्ये आपला प्रोसेसर द्यायचा, तो हवं ते उत्तर देईल नाहीतर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) मारेल. गेटवे बंद आहे, बिलाची सिस्टीम टाइमआउट देतेय, सगळं खुर्चीवर बसून. आमच्या रूटला दोनदा रीडिलिव्हरी (परत पाठवायचा प्रयत्न) आहे आणि मग तपासणीच्या क्यूत टाकायचं. टेस्टमध्ये बिलाचा मॉक कायम एक्सेप्शन मारतो, अपेक्षा लिहायची की बिलाच्या मॉककडं 3 येणार, पहिला आणि दोन परतीचे, आणि तपासणीला 1. फेल झालेला प्रयत्न पण मॉक मोजतो, त्यामुळं रिट्राय खरंच होतोय का हे आकड्यात दिसतं. रीडिलिव्हरीचा डिले टेस्टमध्ये शून्य करायला विसरू नका, नाहीतर मॉक आपले 10 सेकंद बघून निघून जाईल आणि रूट अजून दुसऱ्या प्रयत्नाची वाट बघत असेल.

क्रमाबद्दल थोडक्यात. बॉडीज रिसीव्ह्डला क्रम पण जुळावा लागतो. पॅरलल मल्टिकास्ट (एकच मेसेज एकाच वेळी अनेकांना) किंवा अनेक कन्झ्युमर (मेसेज उचलणारे) असतील तर कधी हा आधी कधी तो आधी, आणि टेस्ट मूड असेल तशी पास-नापास होणार. तिथं इन एनी ऑर्डरवाली आवृत्ती घ्या. पण क्रम खरंच महत्त्वाचा असेल, म्हणजे एकाच गाडीचं भरलेलं वजन आधी आणि रिकामं नंतर, तर टेस्ट फुटतेय म्हणून घाईनं इन एनी ऑर्डर करू नका, ती फूट खरी आहे. एक्स्पेक्ट्स असेंडिंग पण आहे, वेळेच्या हेडरवर लावायला बरं पडतं.

मेमरीचं एक सांगतो. मॉक आलेला प्रत्येक मेसेज जपून ठेवतो, टाकून देत नाही, म्हणूनच तर नंतर तपासता येतो. पाच-पन्नास पावत्यांना काही फरक पडत नाही. पण कुणाला भर हंगामातला लोड याच्यावर टाकून बघायची हुक्की आली तर हीप (जावाची मेमरी) भरणार. रिटेन फर्स्ट, रिटेन लास्ट असे दोन पर्याय आहेत, पहिले 10 आणि शेवटचे 10 ठेव म्हणायचं, काउंट तरी पूर्ण मोजला जातो. पण मग मधल्या मेसेजवर अपेक्षा लिहिता येत नाहीत, नो डुप्लिकेट्स पण तेवढ्याच जपलेल्यांवर चालणार. तसंही लोड टेस्टसाठी हे टूल नाहीच.

कुणी घेऊ नये? तुमचं ॲप्लिकेशन कॅमलवर नाही, दोन-चार एचटीटीपी कॉल आहेत, तर याच्यासाठी कॅमल आणू नका, वायरमॉक घ्या, तो खरा एचटीटीपी सर्व्हर उठवतो आणि त्याच्यावर पण किती रिक्वेस्ट आल्या, कुठल्या बॉडीनं आल्या हे तपासता येतं. आणि कॅमल वापरत असाल तरी मॉकवर सगळं भागेल असं समजू नका. ब्रोकर (क्यू सांभाळणारा सर्व्हर) रीस्टार्ट झाल्यावर क्यूतल्या पावत्या राहतात का, कनेक्शन तुटल्यावर परत जुळतं का, सिलेक्टर (मेसेज निवडायची अट) बरोबर लिहिलाय का, यातलं मॉकला काही माहीत नाही, कारण खरा ब्रोकर तर आपण काढूनच टाकलाय. त्याला टेस्टकंटेनर्स नावाच्या लायब्ररीनं डॉकरमध्ये खरा ब्रोकर उठवून थोड्या टेस्ट वेगळ्या लागतात. आम्ही मॉकवाल्या टेस्ट प्रत्येक कमिटला पळवतो, खऱ्या ब्रोकरवाल्या रात्री. उद्यमनगरातली लाईट गेली की रात्रीच्या पडतात, मॉकवाल्या लॅपटॉपच्या बॅटरीवर पण पळतात, हा एक छुपा फायदा.

शेवटी जुनं प्रोजेक्ट असलेल्यांसाठी. कॅमल 3 वरनं 4 वर जाताना जेयुनिट (जावाच्या टेस्ट चालवायची लायब्ररी) 4 वर चालणारी टेस्टची मॉड्यूलं काढून टाकलीत, सगळं निदान जेयुनिट 5 वर न्यावं लागतं. मॉकवरच्या अपेक्षांच्या ओळी आमच्याकडं जवळपास जशाच्या तशा राहिल्या, बदललं ते वरचं ॲनोटेशन, इम्पोर्ट आणि सेटअप. स्प्रिंग बूटवर (जावाचं ॲप्लिकेशन फ्रेमवर्क) असाल आणि टेस्टमध्ये कॅमलचा कॉन्टेक्स्ट (सगळे रूट आणि मॉक ज्यात राहतात तो डबा) सामाईक राहत असेल तर प्रत्येक टेस्टच्या आधी रिसेट मॉक्स बोलवा, नाहीतर आधीच्या टेस्टची पावती पुढच्या टेस्टच्या मोजणीत येते आणि एकटी पळवली की पास, सगळ्यांसोबत पळवली की नापास असला खेळ चालू होतो. हे गाळप चालू व्हायच्या आधीच उरका, एकदा बॉयलर पेटला की टेस्टकडं बघायला कुणाला वेळ नसतो.